काकाचा हात

“हेल्मेट घातलं असतं तं वाचलं असतं पोरगं.”

तुझ्या दहाव्याला आलेली एक बाई स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडता निवडता म्हणाली. दुसरीने मान हलवली. “आजकालच्या पोरांना कोन सांगावं, माय.” मी माठाजवळ उभी होते. माझा डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. पहिलीचं लक्ष माझ्याकडे गेलं. “आन् तुला गं काय झालं?” मी तोंड उघडायच्या आत आईने चुलीजवळून उत्तर दिलं, “पाय घसरला तिचा. लग्नाची गडबड, सगळीकडं पानी सांडलेलं.”

गजूदादा, तू गाडीवरून पडलास आणि मी पाण्यावरून घसरले. आपल्या घरात सध्या एवढंच घडलेलं आहे.

तुझी गाडी लग्नाच्या दिवशी जागची हललीसुद्धा नव्हती. तू पाहुण्यांच्या टेम्पोत बसून हॉलवर गेला होतास आणि गाडी घरी पत्र्याखाली उभी होती. तुला नांदेडला दवाखान्यात नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी ती बाहेर ओढली, आडवी पाडली आणि पहारीने तिचा दिवा फोडला. मग आरसा. मग टाकीवर घाव. मी वरच्या खिडकीतून बघत होते. पप्पा रडत होते. हुंदके देऊन रडत होते आणि मारत होते. मध्येच थांबून त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि हँडल वाकडं करायला पुन्हा पहार उचलली. मग शेजारच्या ट्रॉलीत घालून ती वारंग्याच्या रस्त्यावर नेऊन टाकली. तू हे पाहिलं असतंस तर यावर स्टेजवर पाच मिनिटं नक्की हसवलं असतंस. गाडीलाही नक्कल करून रडवलं असतंस.

तुझ्याबद्दल बाकी जे काही लिहायचं ते लोकांनी स्टेटसवर लिहून टाकलं आहे. मराठवाड्याला हसवणारा गेला, असं. खाली हसून हसून रडणारे चेहरे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी अर्धवट राहिलेलं भांडण पूर्ण करायचं आहे.

तुझे वडील तू लहान असताना वारले आणि पप्पांनी तुला आणि तुझ्या आईला, माझ्या मोठ्या आईला, आपल्या घरात आणलं, हे ते अजूनही प्रत्येक पाहुण्याला सांगतात. ते खरंच आहे. त्यांनी तुला जेवू घातलं, शिकवलं, जवळा बाजारच्या आपल्या बियाण्याच्या दुकानात उभं केलं. आणि मारलं. मी नांदेडला इंग्रजी शाळेत, वसतिगृहात; सुट्टीत घरी आले की तुझ्या अंगावर नवीन काय उमटलं आहे ते आधी दिसायचं. एका उन्हाळ्यात तू खताच्या पोत्यावर उभा राहून एका गिऱ्हाइकाच्या चालण्याची नक्कल करत होतास आणि ते गिऱ्हाईक तुझ्या मागे येऊन उभं राहिलं होतं. पप्पांनी फवारणीच्या पंपाची नळी ओढली. ते कुठे लागतं आहे ते बघत नसत. नळीच्या टोकाचं पितळी नोझल तुझ्या भुवईवर बसलं, रक्त डोळ्यात उतरलं. तू एक डोळा मिटून म्हणालास, “काका, आता अर्धंच दिसून राहिलं. अर्धंच मारा.”

गिऱ्हाईक हसलं. पप्पा हसले. नळी खाली पडली.

लोक विचारायचे तुला, ही कला कुठून आली. तू मोठ्या आईचं नाव सांगायचास. मला वाटतं ती त्या दुपारी आली. हसू आलं की हात थांबतो, एवढं तुला कळलं आणि पुढची सगळी वर्षं तू तेच करत राहिलास.

माझ्याकडे तू आलास तो मोबाइलमधल्या त्या म्हाताऱ्यासाठी. मी बारावी करून घरी बसले होते, कोणाशी बोलत नव्हते. वसतिगृहात माझ्या मराठीला हसायचे आणि घरी माझ्या शुद्ध मराठीला. तू मोबाइल माझ्यासमोर धरलास. “ए मीडियम, हा काय म्हणून राहिला ते सांग.” अमेरिकेतला एक स्टँड-अप करणारा, पांढऱ्या भुवया, ढगळ कोट. त्याचे आईबाप क्युबा नावाच्या बेटावरून सगळं सोडून पळून आलेले. बाप तिकडे शाळामास्तर होता, इकडे हॉटेलात भांडी घासायचा. मुलगा आधी लग्नांमधून बोलला, मग बारमध्ये, मग टीव्हीवर. सुरुवातीला लोक त्याच्या उच्चारांना हसायचे. विनोदाला हसायला त्यांना बरीच वर्षं लागली. त्याचा बाप मारताना एका शब्दाला एक फटका द्यायचा. “आमच्या भाषेत साधं ‘असं करू नको’ म्हणायला लय वेळ लागतो,” हे मी तुला सांगितलं तेव्हा तू थांबलास. पुढे तो म्हातारा म्हणाला होता, “म्हणून मी बापाला इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत वाक्य लवकर संपतं.”

तू हसला नाहीस. मोबाइल उलटा ठेवलास आणि म्हणालास, “हा तं आपल्या घरातला हाय.”

त्यानंतर किती दुपारी आपण गोदामात पोत्यांवर बसून त्याला ऐकलं. तू मला घाई केली नाहीस. मी शब्द शोधत अडकले की तू दुसरीकडे बघायचास, मोबाइल पुसत बसायचास. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. एकदा तू म्हणालास, “लोकं फुकट हसत्यात. तू हसली की मला समजतं, हे बराबर जमलं.” मला लाज वाटली होती आणि फार बरं वाटलं होतं. हे सांगायचं राहून गेलं.

मग तू ‘काकाचा हात’ बसवलंस. आधी बाजाराच्या दिवशी रिक्षाच्या भोंग्यावरून जाहिरात करताना मध्येच टाकायचास, मग गणपतीत, मग कॉलेजच्या गॅदरिंगला, मग मोबाइलवर. “आमच्या काकाचा हात असा, का आधी लागतो, मंग दिसतो. तालुक्याची लाइट जाते, काकाचा हात जात न्हाई. एकदा औंढ्याला देवळापुढं जोतिषी बसला होता. म्हणलं, महाराज, हात बघा. तेनं माझा हात बाजूला सारला आन् गालाकडं बघितलं. पाची बोटं, सगळ्या रेषा, बराबर उमटलेल्या. म्हणला, ह्या माणसाच्या नशिबात लांबचा प्रवास हाय. तेंचा प्रवास कशाचा, म्याच गेलो, दारातनं उकिरड्यावर.”

लोक गडाबडा लोळायचे. पप्पांना दुकानात येऊन सांगायचे, काका, हात दाखवा. पप्पा हात वर करायचे. त्यांना आवडायचं, गजूदादा. ते मारकुटे म्हणून नाही, विनोदातले म्हणून प्रसिद्ध झाले होते.

तिथेच आपलं भांडण झालं. पुण्याच्या कार्यक्रमावरून तू आलास आणि म्हणालास, तिथले लोक भाषेला हसले, मला नाही. तुझा चेहरा उतरलेला होता. मी तेव्हा बोलायला नको होतं, पण बोलले. “ते मारणं आहे, दादा. तो विनोद नाही.”

“मारनं तेंचं. विनोद माझा. जे वाट्याला आलं तेच्यातलं तेवढंच माझं हाय.”

“तू हसवतोस म्हणून कोणी विचारत नाही, कोणी मारलं, का मारलं.”

“इचारून काय करतील? दोन दिस काकाला नावं ठेवतील. आन् मंग आमी मायलेकरं कुठं जावं?” तू भुवईवरचा तो व्रण खाजवलास. “तो म्हातारा बघितला न्हाई का? शेवटी तेचा बाप पयल्या रांगेत बसून हसला. तेवढं मला पायजे. काका पयल्या रांगेत.”

माझ्याकडे उत्तर होतं. ते मराठीत जुळत नव्हतं.

काका पहिल्या रांगेत बसले ते माझ्या थोरल्या बहिणीच्या, पल्लवीताईच्या लग्नात. तुझ्या मनात हे किती दिवसांपासून होतं, मला माहीत होतं. आपल्याकडे रुखवत मांडला की मुलीकडच्या बाया विहिणीचं नाव घेऊन गाणी म्हणतात, आणि मोठी आई म्हणजे त्या गाण्यांची राणी. चार गावांतून तिला बोलावणं यायचं. “विहीणबाई आल्या, बसल्या पाटावर, नजर त्यांची सारी भज्याच्या ताटावर.” जिच्यावर गाणं असेल तिने हसायचं, रागवायचं नाही, अशी रीत. आता सगळीकडे डीजे लागतो, कोण गातं? ताईच तुला म्हणाली, दादा, गाणं नको तर तू बोल. मोठ्या आईने तुला दोन ओळी घोटून दिल्या. तू मला म्हणालास, “आज तेच करतो. नुसतं लुगडं नेसलो न्हाई एवढंच.”

वारंगा फाट्याजवळचा तो हॉल, दुपारची वेळ. समोरच्या सोफ्यावर पप्पा आणि त्यांच्या शेजारी व्याही, त्यापलीकडे खुर्चीवर नवऱ्या मुलाचे मामा. तू माईक हातात घेतलास, पहिल्या रांगेकडे पाहिलंस, मग मला शोधलंस.

“ताईला बघायला आले तवा विहीणबाई म्हणल्या, पोरी, चालून दाखव. चालली. केस सोडून दाखव. सोडले. सुईत दोरा ओवून दाखव. ओवला. म्हणलं, आता नांगराला जुपून बघत्यात का काय. आन् नवरदेव आमाला कसा दाखविला? फोटूत. तेबी खुर्चीत बसलेला. म्या म्हणलं, असंल साधा, बसून राहतो. आज घोड्यावरनं उतरला तवा समजलं, फोटू काहून बसूनच काढला.”

हॉल फुटला. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, त्यांचे खांदे हलत होते. मी हसले. तू ते पाहिलंस, तुझ्या चेहऱ्यावर जमल्याचा तो भाव आला. ठेंगण्या नवरदेवाने मात्र मान खाली घातली, आणि मामा खुर्चीला लाथ घालून उठले.

“बाईनं म्हणलं तं गानं हाय. मानसानं म्हणलं तं शिवी हाय.”

पप्पा त्यांच्या आधी स्टेजवर पोचले. ते का गेले ते मला माहीत आहे, तुलाही माहीत होतं. भांडण पेटायला लागलं की आपल्या माणसाला आपणच दोन लावायच्या. मग समोरच्याला मध्ये पडावं लागतं, “असू द्या, लेकरू हाय” म्हणावं लागतं, आणि सगळं तिथेच थंड होतं. मी लहानपणापासून हे बघत आले आहे. पप्पांनी तुझ्या कानाखाली मारली. माईक तुझ्या हातात होता, तो आवाज चारही भोंग्यांतून आला.

लोक हसले. त्यांना वाटलं हेही त्यातलंच. काकाचा हात, प्रत्यक्ष. आणि तू, गजूदादा, तूही तसंच केलंस. गाल धरून माईकमध्ये म्हणालास, “बघा. सांगत होतो ना. आधी लागतो, मंग दिसतो.” टाळ्या पडल्या. पप्पांनी मामांकडे पाहिलं. मामा काही म्हणाले नाहीत. पप्पांनी दुसरी मारली आणि पुन्हा तिकडे पाहिलं. ते थांबवलं जाण्याची वाट बघत होते, आणि कोणी थांबवत नव्हतं, आणि हॉल हसत होता. तिसऱ्या वेळी तुझ्या ओठातून रक्त आलं. इतकी वर्षं हसू आलं की हात थांबायचा. त्या दिवशी हसण्यामुळेच तो थांबेना.

मग मामा वर चढले. पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी आदराने म्हणाले, “तुमी बाजूला व्हा, व्याही. तुमचा हात म्हातारा झाला.” मामांनी आणि त्यांच्या दोन मुलांनी तुला दंडाला धरून मागच्या दाराने बाहेर नेलं. वाजंत्री सुरू झाली. मोठी आई विहीणबाईंसाठी पानाचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली होती. तिला एवढंच माहीत आहे की तुला मार बसला आणि तू रुसून घरी गेलास, गाडी काढलीस आणि पडलास.

मी स्वयंपाकाच्या बाजूने मागे गेले. जनरेटर चालू होता, त्याच्या पलीकडे मांडवाचे उरलेले पाइप टाकलेले होते. मी पोचले तेव्हा तू गुडघ्यांवर होतास. एक मुलगा पाठीत लाथा घालत होता. दुसऱ्याने तुझे केस धरून डोकं वर केलेलं. मामांच्या हातात पाइप. तुझा एक डोळा बंद झाला होता. तू मामांकडे बघून म्हणालास, “मामा, तुमचा हात नवीन हाय. तेच्यावर अजून काही बसवलं न्हाई म्या.”

जनरेटरच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. मला ऐकू आलं. कोणी हसलं नाही. पाइप आधी खांद्यावर बसला. मग कानाच्या वर. ओला नारळ दगडावर आपटावा तसा आवाज झाला आणि तू कुशीवर पडलास, तरी पाइप आणखी खाली येत राहिला. मी त्या हाताला लोंबकळले. एका मुलाने मला मागे फेकलं, मी भाताच्या पातेल्याखालच्या लोखंडी तिवईवर पडले आणि मनगट वाकलं. आचारी पाण्याची बादली तशीच हातात धरून उभा होता. मी पप्पांना हाक मारली. ते हॉलच्या कोपऱ्यावर उभे होते, आमच्याकडे पाठ करून. पाहुण्यांना हात जोडून सांगत होते, “काही न्हाई, काही न्हाई. बसा, जेवून घ्या.”

दवाखान्यात तू जागा झाला नाहीस. तुझं डोकं इतकं सुजलं होतं की मोठ्या आईने तुला हातावरच्या गोंदणावरून ओळखलं. ती रोज एकच विचारत राहिली, गाडी हळू चालवणारं पोरगं पडलं कसं. तिला उत्तर मिळालं, नशीब. मला सांगितलं गेलं, ताईचा संसार आहे. ते खोटं नाही. मामा तिच्या सासरीच राहतात, ताई रोज त्याच माणसांना वाढते आहे. दोन्ही घरं एक झाली होती, गजूदादा. मी बोलले तर ताईचं सासर जातं आणि पप्पा जातात. नाही बोलले तर तू जातोस, वेडीवाकडी गाडी चालवून मेलेला म्हणून.

काल पोलीस ठाण्यातून जमादार आले. दहाव्याची पंगत उठली होती. त्यांना ओसरीत खुर्ची दिली, चहा दिला. थकलेले, सभ्य गृहस्थ. पप्पा सांगत गेले, ते लिहीत गेले. मी आणि ताई आतल्या दारात उभ्या होतो. ताईने माझा चांगला हात घट्ट धरला होता. ती कानात म्हणाली, “मला तिथंच राहायचं आहे गं.” तिच्याही हातावर, बांगडीच्या वर एक काळानिळा डाग होता. मी तो पाहिला हे तिने पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

मोठ्या आईची सही हवी होती. जमादारांनी रीत म्हणून विचारलं, “माय, पोरगा गाडी जोरात चालवायचा का?”

“न्हाई साहेब. लय हळू. म्या मागं बसली का म्हणायची, बाळा, सायकलवाला पुढं चाल्ला.”

जमादारांचं पेन थांबलं. पप्पा खाली बघत म्हणाले, “वहिनी, लिहू द्या त्यांना. जोरात चालवायचा. तसंच लिहावं लागतं.”

मोठ्या आईने पप्पांकडे पाहिलं, मग जमादारांकडे. जन्मभर ज्या घराचं खाल्लं त्या घराचं ऐकायची तिला सवय आहे. ती म्हणाली, “बरं. चालवायचा जोरात.” आणि पेनासाठी हात पुढे केला.

तुझं म्हणणं होतं, विचारून काय करतील. कदाचित काहीच करणार नाहीत. पण तुझ्या आईने तुझ्याविरुद्ध सही करावी, हे तुझ्या कुठल्याच विनोदात बसत नाही, दादा. मी बाहेर आले. ताईने हात सोडला नाही, म्हणून तीही उंबऱ्यापर्यंत माझ्याबरोबर आली. मी मोठ्या आईला म्हणाले, सही करू नको. जमादारांनी विचारलं, तुम्ही कोण?

मी पप्पांकडे बोट दाखवून म्हणाले, “मी यांची धाकटी मुलगी. गजूदादा गाडीवरून पडला नाही. त्याला हॉलच्या मागे पाइपने मारलं, मी तिथे होते. मारणाऱ्यांची नावं सांगते, पण क्रमाने सांगते. पहिलं नाव माझ्या वडिलांचं लिहा.”